रंगकाम काढलंय, पेंटर हवाय

नमस्कार श्रोतेहो.

नवरात्र बसलं की आपल्या नाशकात दोन ठिकाणी गर्दी उसळते. एक कालिकेच्या यात्रेत आणि दुसरी रंगाच्या दुकानांत. शेड कार्ड हातात घेऊन माणसं दुकानाच्या पायरीवरच उभी असतात आणि भेटेल त्याला विचारतात, "तुमच्या ओळखीत एखादा चांगला पेंटर आहे का हो?" मला आज त्या 'चांगला' या शब्दाबद्दलच बोलायचं आहे. त्यातही कॉलेज रोड, सिडको, नाशिकरोड अशा भागांतल्या तीस-पस्तीस वर्षं जुन्या फ्लॅटबद्दल. नव्या इमारतीत पेंटर थोडा डावा-उजवा निघाला तरी निभावून जातं. जुन्या भिंती मात्र ते खपवून घेत नाहीत.

मी गंगापूर रोडला दुसऱ्या मजल्यावर राहते. इमारत चौतीस वर्षांची. काही वर्षांपूर्वी दिवाळी तीन आठवड्यांवर आली असताना आम्ही रंगकाम काढलं. तिघा पेंटरना विचारलं, ज्याने सगळ्यांत कमी सांगितलं त्याला काम दिलं. आठ दिवसांत घर लख्ख झालं. लक्ष्मीपूजनाला आलेला प्रत्येक जण भिंतींकडे बघून छान म्हणाला. पुढच्या वर्षी गौरी-गणपतीच्या सुमारास हॉलची पश्चिमेची भिंत फुगली. मी बोट टेकवलं तर हातभर पोपडा अलगद सुटून खाली आला. तो मी उलटा करून पाहिला. एका बाजूला आमचा नवा कोरा क्रीम रंग, त्याच्या मागे पुट्टीचा थर आणि सगळ्यांत मागे, पुट्टीला घट्ट चिकटून आलेला जुना फिकट निळा डिस्टेंपर. भिंतीवर उरला होता उघडा गिलावा आणि त्याच्यावर मिठासारखी पांढरी पूड.

तो पोपडा मी पुढे कित्येक दिवस जपून ठेवला, कारण काय बिघडलं ते सगळं त्याच्यावर वाचता येत होतं. पुट्टी चांगली होती, रंगही चांगल्या कंपनीचा होता. पण त्या दोघांनी ज्याला धरून ठेवलं होतं तो डिस्टेंपरच भिंतीला धरून नव्हता. साधा डिस्टेंपर म्हणजे मुख्यतः खडूची भुकटी. वर्षांनुवर्षांनी ती मोकळी होते. तो खरवडून काढल्याशिवाय त्याच्यावर काहीही चढवलं तरी ते भुकटीवरच उभं राहतं. त्यात भिंत ओली. पाणी आतून बाहेर येताना सिमेंट-विटांमधले क्षार विरघळवून सोबत आणतं. पाणी उडून जातं आणि क्षार रंगाच्या थरामागे साचून त्याला बाहेर ढकलतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. कितीही महागडा रंग लावा, लोणा त्याला ढकलून देतो.

दुसऱ्यांदा काम काढलं तेव्हा शेजारच्या वहिनींनी एका वयस्कर पेंटरमामांना पाठवलं. ते आले ते रंगाचं नावही न काढता. "बाई, तांब्याभर पाणी द्या," म्हणाले. मला वाटलं प्यायला. त्यांनी तळवा ओला केला, हॉलच्या भिंतीवर दोन-तीनदा चोळला आणि मला दाखवला. हाताला पांढरा चिकट थर आला होता. मग बोटाच्या पेरांनी ते भिंत ठोकत गेले, अगदी डॉक्टर छाती ठोकून बघतात तसं. एका जागी टण्क वाजायचं, हातभर पुढे गेलं की बद्द. बद्द वाजलं तिथे ते पेन्सिलीने गोल करत होते. त्या एका भिंतीवर नऊ गोल झाले. "एवढा गिलावा सुटलाय. तो आधी काढायचा, परत भरायचा, सुकू द्यायचा. त्याच्याशिवाय मी ब्रश धरणार नाही." मग खिडकीतून वाकून बाहेरची भिंत पाहिली. छज्ज्याच्या वरून केसासारखी एक चीर खाली उतरत होती. आणि शेवटी विचारलं, "वरच्यांचं बाथरूम कुठल्या अंगाला आहे?"

श्रोतेहो, मी त्यांचा दर विचारण्याआधीच मनात ठरवलं होतं की काम यांनाच द्यायचं.

तुमच्याकडे पेंटर बघायला येईल तेव्हा तो पहिली पाच मिनिटं काय करतो याकडे लक्ष द्या. भिंतीला हात न लावता, दारातूनच मान फिरवून आकडा सांगणारा माणूस भिंतीचं काम करणार नाही, भिंत झाकेल. तो वाईट माणूस असतो असं नाही. बहुतेक वेळा आपणच त्याला तसं वागायला लावतो. तीन पेंटरकडून भाव घ्यायचे आणि सगळ्यांत खालचा उचलायचा म्हटलं की जो घासकाम धरतो तो बाहेर पडतो आणि जो ते गाळतो त्याला काम मिळतं. म्हणून तिघांना भाव विचारायचा तर कामही तिघांना एकच सांगा. जुना रंग कुठवर खरवडायचा, पुट्टीचे हात म्हणजे थर किती, प्रायमर म्हणजे रंगाखालचा पहिला थर मारायचा की नाही, रंगाचे हात किती. एका कागदावर लिहा आणि तोच कागद तिघांपुढे ठेवा. मग आकड्यांमधला फरक खरा असतो.

ओल आहे का, हे घरच्या घरी बघता येतं. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवसांनी काढा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. ते थांबेपर्यंत रंगाचा विषय काढू नका. पाणी येतं कुठून ते मात्र शोधावं लागतं. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून, त्र्यंबकच्या बाजूने वाऱ्यासोबत येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंती जास्त झोडपल्या जातात. ओल फक्त पावसाळ्यात वाढत असेल तर बाहेरच्या चिरा किंवा गच्ची बघा. बारा महिने सारखीच असेल तर नळ, ड्रेनेज किंवा वरचं बाथरूम.

आणि खर्च कुणाचा? यावरून जिन्यात भांडणं होतात म्हणून सांगते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून आणि बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते. सदनिकेतलं संडास, बाथरूम, सिंक यामुळे होणारी गळती सदस्याने. आपल्याकडे बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या आहेत. त्या कायद्यातही मुख्य भिंती आणि छत सामाईक क्षेत्रातच धरलेले आहेत. तेव्हा वरच्यांशी बोलताना आवाज चढवण्याआधी पाण्याचा माग काढा. आमच्याकडे दोष बाहेरच्या चिरेचा निघाला. वरच्या काकूंवर मी उगाचच मनात राग धरून होते.

आता वेळेबद्दल, आणि हे मी जरा आग्रहाने सांगणार आहे. दिवाळीआधीच रंग झाला पाहिजे हा हट्ट जुन्या घरांसाठी सोडून द्या. जून ते सप्टेंबर, कधी ऑक्टोबरातसुद्धा, भिंत पाणी पीत असते. चार महिने भिजलेली वीट तीन आठवड्यांच्या उन्हाने कोरडी होत नाही. वरून कोरडी दिसते, एवढंच. त्याच काळात पेंटर चार-चार घरं एकदम अंगावर घेतात, सकाळी तुमच्याकडे एक माणूस सोडून दुपारी दुसरीकडे जातात. उत्तर प्रदेश-बिहारकडच्या कारागिरांना छठपूजेला गावी जायचं असतं, तीही घाई असते. पुट्टीच्या दोन हातांमध्ये सुकायला वेळ द्यायचा तो कुणाकडेच नसतो. आम्ही एप्रिल-मेमध्ये बाहेरची चीर भरून घेतली, गिलाव्याची डागडुजी केली, पावसाळाभर भिंत नुसती बघितली आणि आतला रंग तुळशीचं लग्न झाल्यावर काढला. नव्या गिलाव्याला तसाही रंगाआधी साधारण २८ दिवसांचा अवधी द्यावाच लागतो. त्या दिवाळीला आमच्या हॉलच्या भिंतीवर सिमेंटची नऊ राखाडी ठिगळं होती. आकाशकंदील तरीही लागला, फराळही झाला.

पैशांचं थोडं. दर चौरस फुटावर ठरतो, पण मोजायचं काय ते आधी बोलून घ्या. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट. चार भिंती मिळून ४४० चौरस फूट, छताचे १२०. एक दार २१ चौरस फूट, एक खिडकी १६. हे ३७ वजा करायचे की धरायचे? दोन्ही पद्धती चालतात, नंतर कळलं की मात्र मनं दुखावतात. टेप धरून दोघांनी मिळून मोजा. मालासकट काम दिलं तर डबे सीलबंद आले पाहिजेत आणि तुमच्यासमोर उघडले पाहिजेत. नुसती मजुरी ठरवून माल तुम्ही आणणार असाल तर हिशोब माहीत असू द्या. चांगल्या इमल्शनच्या, म्हणजे पाण्यात कालवायच्या भिंतीच्या रंगाच्या, एका लिटरमध्ये दोन हात मारून साधारण ६० ते ७० चौरस फूट होतात. म्हणजे या खोलीच्या भिंतींना सहा-सात लिटर. कंपन्या पेंटरसाठी डब्यात टोकन ठेवत आल्या आहेत, हल्ली कोड स्कॅन केला की त्याला पॉइंट मिळतात. ते त्याचे त्याला घेऊ द्यावेत, हे माझं मत. फक्त त्यासाठी चार डबे जास्त यायला नकोत.

उचल एकदम निम्मी देऊ नका. आम्ही चार टप्पे केले होते. थोडी सुरुवातीला, मग खरवडकाम आणि पुट्टी घासून झाल्यावर, मग पहिला हात झाल्यावर आणि राहिलेली काम संपल्यावर दिवसाउजेडी भिंती बघून. पुट्टीनंतरचा टप्पा महत्त्वाचा आहे, कारण त्यानंतर खाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही. त्या दिवशी संध्याकाळी दिवे मालवा आणि बॅटरी भिंतीला आडवी लावून बघा. जिथे उंचसखल असेल तिथे सावली पडते. पाण्यात कालवलेली सिमेंटची पुट्टी दोन-तीन तासांत वापरून संपवायची असते. दुपारी घट्ट झालेल्या घमेल्यात कुणी परत पाणी ओतताना दिसलं तर थांबवा.

एक गोष्ट रंगापेक्षा मोठी आहे. जुन्या घराची दारं, खिडक्या, ग्रिल यांवर ऑइल पेंटचे चार-पाच थर असतात. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असायला बंदी आहे. त्याआधीच्या रंगांत ते कितीतरी पट जास्त असू शकतं. तो जुना रंग कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर उडते. लहान मुलांच्या मेंदूला शिसं इजा करतं आणि ती इजा भरून येत नाही. गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर त्या दिवसांत त्यांना दुसरीकडे ठेवाच. दारं वॉटर पेपरने, पाणी मारून घासायला सांगा, खाली प्लॅस्टिक अंथरा, धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. आणि पेंटरला चांगला मास्क तुम्ही आणून द्या. आपल्या घरी धूळ आठ दिवस असते, त्याच्या छातीत ती रोज जाते. आमच्या मामांचा पुतण्या नाकाला नुसता रुमाल बांधून छत घासत होता. त्याच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या पाहिल्यावर मी त्याच दिवशी मेन रोडवरून मास्क घेऊन आले.

शेडबद्दल काय सांगू? कार्डावर बघून ठरवू नका, छोटा डबा आणून भिंतीवर दोन फुटांचा चौकोन मारा आणि सकाळी, दुपारी, ट्यूबलाइटखाली बघा. बाकी तुमची आवड.

काम संपलं त्या दिवशी मामांनी उरलेला रंग एका छोट्या डब्यात घट्ट बंद करून माळ्यावर ठेवला. मग माळ्याच्या दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने लिहिलं. कंपनी, शेडचा नंबर, कुठल्या खोलीला किती लिटर, तारीख. खाली पश्चिमेच्या भिंतीचं छोटंसं चित्र काढलं आणि त्यात ते नऊ गोल. "पुढे कुणीही पेंटर आला तरी त्याला कळेल, बाई, की इथे काय झालं होतं," म्हणाले. तुमच्या पेंटरकडूनही हे एवढं लिहून घ्या. कागदावर नको, कागद हरवतो. माळ्याच्या दारावरच.

नमस्कार.