जुन्या बसचा पत्रा उजळताना

[दृश्य : जालना रस्त्यालगतची गॅरेजची शेड. सकाळचं ऊन. पत्र्याखाली उभी जुनी बस, खालच्या भागाचा रंग उतरवलेला.]

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. अशीच दुसरी पुण्यात दापोडीला आणि तिसरी नागपूरजवळ हिंगण्याला. चॅसीवर सांगाडा, सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि पत्र्याला रिबिटांच्या रांगा, लालपरीची बांधणी वर्षानुवर्षं अशी होत आली. अलीकडे माइल्ड स्टीलच्या गाड्या आल्या. पण ॲल्युमिनियमच्या जुन्या बस लिलावात निघतात, कुणी घेऊन हौसेनं सांभाळतं, आणि मग प्रश्न येतो तो पत्र्याचा.

ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळपास तिप्पट हलकं. लोखंडासारखा तांबडा गंज त्याला चढत नाही, कारण हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि आतल्या धातूला झाकतो. पत्रा मळकट, राखाडी दिसतो तो या थरात धूळ, क्षार आणि धूर मुरल्यामुळे. तो उजळता येतो. मात्र आपल्या भागात दोन गोष्टी आधी लक्षात घ्याव्या लागतात, धूळ आणि पाणी. पत्रा बिघडतो तो बहुतेक वेळा या दोन्हींपायीच.

[दृश्य : दाराजवळच्या पत्र्यावर हात. मल्टिमीटरच्या दोन सुया.]

हात लावण्याआधी पत्रा कुठल्या जातीचा ते ओळखा. कोपऱ्यात, दिसणार नाही अशा ठिकाणी तळहाताएवढ्या जागेवर मेटल पॉलिश घासा. फडकं लगेच काळं झालं तर धातू उघडा आहे. फडकं स्वच्छच राहिलं तर वर लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश आहे, नाहीतर पत्रा ॲनोडाइज केलेला, म्हणजे विजेच्या प्रक्रियेनं त्याच्यावर ऑक्साइडचा जाड थर चढवलेला आहे. मल्टिमीटरच्या सुया टेकवल्या तर उघड्या धातूवर बीप वाजतो, या दोन्हींवर वाजत नाही. मग थिनरचा बोळा फिरवा. चिकट झालं तर लॅकर, काहीच झालं नाही तर ॲनोडाइज. खिडक्यांच्या चौकटी पुष्कळदा ॲनोडाइज असतात. त्या घासू नका. तो थर एकदा गेला की गॅरेजमध्ये परत चढत नाही. तिथं साबणपाणी आणि मेण, बस्स.

रंग उतरवायचा असेल तर पेंट रिमूव्हर आणि प्लास्टिकची पट्टी वापरा. ब्लो लॅम्प लावू नका, आचेनं पत्रा मऊ पडतो आणि त्याला पोट येतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासणंही नको.

[दृश्य : नळीचं पाणी वरून खाली. गढूळ ओघळ.]

आता धुणं. काळ्या मातीची धूळ ओली झाली की चिकटून बसते, तिच्यात रस्त्याच्या खडीची बारीक भुकटीही असते. ती बेसॉल्टची, ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या फडक्यानं एकदा पुसलं तरी शेकडो बारीक ओरखडे पडतात. म्हणून आधी नुसतं पाणी, वरून खाली, माती सुटेपर्यंत. मग दोन बादल्या घ्या. एका बादलीत 10 लिटर पाण्यात 50 मिली गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी, फडकं खळबळायला. सुती किंवा मायक्रोफायबर फडकं उभं-आडवं चालवा, गोल नको.

धुण्याचा सोडा, कपड्यांची पावडर, कॉस्टिक यांतलं काहीही नको. ॲल्युमिनियम आम्लालाही विरघळतं आणि अल्कलीलाही. सोड्यानं पत्रा काळवंडतो, कॉस्टिकनं खाल्ला जातो. खिडकीखालचे ओघळ नीट बघा. पान खाणाऱ्यांच्या पिचकाऱ्यांत चुना असतो, उलटीत आम्ल असतं. दोन्ही पत्र्यावर तशीच वाळली तर खाली पांढुरका डाग राहतो. तिथं आधी भरपूर पाणी ओता, मग घासा.

बाजारात ट्रक पांढरा करणारं ॲसिड मिळतं. त्यांतल्या काहींत हायड्रोफ्लोरिक असतं. पत्रा क्षणात उजळतो आणि लगेच दुधासारखा धुरकट होतो. त्याहून वाईट म्हणजे ते कातडीतून आत जातं, आणि वेदना कधी कधी काही तासांनी सुरू होतात. ते गॅरेजमध्ये आणूच नये.

बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके शाम्पूनं जात नाहीत. एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून फडक्यानं लावा, दोन-तीन मिनिटांत धुवून काढा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर हे करू नका. मे महिन्यात पत्र्याला हात लावणं अवघड होतं, त्यावर लावलेलं द्रावण लगेच वाळतं आणि स्वतःचाच डाग सोडतं. सगळं काम सकाळी किंवा सावलीत करावं.

शेवटचं पाणी कोणतं, यावर खूप काही ठरतं. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या बोअरच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. असं पाणी पत्र्यावर वाळलं तर क्षार तिथंच राहतात. पावसाचं साठवलेलं पाणी किंवा आरओचं पाणी शेवटी फिरवा आणि ताबडतोब टिपून घ्या. आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी मात्र चालणार नाही, त्यात क्षार जास्त असतात. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपल्याकडे गाडी नळीखाली तासभर धरून ठेवणं परवडत नाही. दोन बादल्या आणि शेवटी फवारणीचा पंप, एवढ्यात काम भागतं.

[दृश्य : रिबिटाच्या डोक्याखाली काळी ओघळती रेघ. कॅमेरा अगदी जवळ.]

पत्रा स्वच्छ झाला की रिबिटं तपासा. काही रिबिटांच्या खाली बारीक काळी रेघ दिसेल. ती घाण समजून पुसून टाकू नका. रिबिट सैल झालंय, गाडीच्या हादऱ्यानं ते पत्र्यावर घासतंय आणि घासून निघालेली भुकटी पाण्याबरोबर खाली ओघळतेय. ते आधी काढून नवं मारा. रिबिट ढिलं असताना बफ, म्हणजे पॉलिशच्या मशीनची मऊ चकती, फिरवला तर पत्र्याची कड उचलते आणि बफ तिच्यात अडकतो.

दुसरी जागा म्हणजे लोखंडी बोल्ट किंवा अँगलला ॲल्युमिनियम टेकतं तिथं. सांध्यातून पांढरी पूड बाहेर येते, पत्रा फुगलेला दिसतो. दोन धातू आणि मध्ये ओलावा असला की ॲल्युमिनियम झिजतं. वरून कितीही चमकवलं तरी आतून झिज चालूच. सांधा उघडा, पूड नायलॉनच्या ब्रशनं काढा, लोखंडाला इपॉक्सी प्रायमर द्या आणि दोघांत रबरी पट्टी घाला.

[दृश्य : पाणी पेपरच्या घड्या, रबरी ब्लॉक, बादली.]

खोल ओरखडे नसतील तर घासायची गरजच नाही, थेट बफवर जा. असतील तर पाणी पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर, भरपूर पाणी आणि रबरी ब्लॉक घ्या. 400 नंबरपासून सुरुवात, मग 600, 800, 1000, 1500. दिशा गाडीच्या लांबीला धरून. पुढच्या नंबरला दिशा थोडी तिरकी करा, म्हणजे मागच्या नंबरच्या रेघा उरल्यात का ते दिसतं. सगळ्या गेल्याशिवाय नंबर बदलू नका. अर्धवट राहिलेल्या 400 च्या रेघा बफनं जात नाहीत, उलट चमक आली की त्याच जास्त उठून दिसतात. आणि नंबर बदलताना बादलीतलं पाणी बदला. जुन्या नंबरचा एक कण नव्या पेपरखाली आला तर तासाची मेहनत गेली.

लोखंडी काथ्या, म्हणजे स्टील वूल, वापरू नका. त्याचे तुकडे पत्र्यात रुततात आणि पहिल्या पावसात तांबडे ठिपके उमटतात. चेकर प्लेटच्या पायऱ्यांना पेपर लावू नका, उंचवटे घासले गेले तर पाय घसरतो. तिथं नायलॉनचा ब्रश आणि पॉलिश पुरे.

[दृश्य : बफिंग मशीन. पत्र्यावर सरकती चमक.]

बफसाठी वेग कमी-जास्त करता येणारं पॉलिशर घ्या, 1,000 ते 1,500 आरपीएमवर चालवा. चार इंची ग्राइंडरला बफ बसवायचा मोह टाळा. तो 11,000 च्या आसपास फिरतो. कंपाउंड जळतं, पत्रा तापून वाकतो, आणि बफ तेवढ्या वेगासाठी बनलेला नसेल तर फाटून उडतो. कंपाउंड म्हणजे बफला लावायची पॉलिशची वडी, तिलाच लस्टर म्हणतात. आधी तपकिरी लस्टर, कटसाठी, म्हणजे बारीक ओरखडे काढायला. मग दुसऱ्या बफवर पांढरा, झळाळीसाठी. एका बफवर दोन्ही लस्टर लावायचे नाहीत. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट, प्रत्येक पट्टा मागच्याच्या निम्म्यावर. कडेजवळ बफ नेहमी पत्र्यावरून बाहेर फिरावा, कडेवर चढत आत येऊ नये. एकाच जागी रेंगाळू नका. हाताला चटका बसला की पुढे सरका. बफ काळा आणि टणक झाला तर मशीन बंद करून हॅक्सॉच्या जुन्या पात्यानं तो विंचरा.

मास्क आणि चष्मा लावूनच काम करा. ॲल्युमिनियमची बारीक भुकटी पेट घेते, त्यामुळे त्याच कोपऱ्यात लोखंडावर ग्राइंडर चालवायचा नाही.

बफ झाल्यावर पत्र्यावर काळा तेलकट थर राहतो. त्यावर मूठभर मैदा भुरभुरवा आणि मऊ सुती फडक्यानं पुसा. मैदा तेल ओढून घेतो. मग शेडमधला दिवा बंद करून टॉर्च तिरकी धरा. गोल गोल धुरकट वलयं दिसली तर तेवढ्याच भागावर पांढरा लस्टर पुन्हा, दाब हलका ठेवून.

[दृश्य : मेणाचा डबा, हलक्या हातानं पुसणं.]

उघडा धातू पुन्हा मळणारच, म्हणून वर काहीतरी हवं. लॅकर मारून कायमचं मोकळं होऊ, असं अनेकांना वाटतं. चमकवलेल्या पत्र्यावर लॅकर नीट धरत नाही. रिबिटापाशी बारीक तडा जातो, पाणी आत शिरतं, आणि आतून दोऱ्यासारख्या पांढऱ्या रेषा पसरतात. मग सगळा लॅकर उतरवून पहिल्यापासून सुरुवात. त्यापेक्षा कारनौबा मेणाचा पातळ हात द्या, दहा-पंधरा मिनिटांनी पुसून घ्या. रोज धावणाऱ्या गाडीला महिन्या-दीड महिन्यानं, उभ्या गाडीला तीन महिन्यांनी पुन्हा. पाणी पत्र्यावर थेंब न धरता पसरायला लागलं की मेण संपलंय. पावसाळ्याआधी एक हात चुकवू नका, आणि दिवाळीच्या सुमारास रिबिटांखालच्या रेघा पुन्हा एकदा बघून घ्या. पावसात सैल झालेली रिबिटं तेव्हा दिसतात.