घड्याळ बरोबर चालतंय, मग एनटीपी अपग्रेड कशाला?

नमस्कार मंडळी! २२ डिसेंबर २०१४. ॲपलने त्या दिवशी मॅकवाल्यांना न विचारता एक सिक्युरिटी अपडेट परस्पर टाकायला सुरुवात केली. तशी सोय त्यांच्याकडे दोनेक वर्षांपासून होती, पण वापरली पहिल्यांदाच. तीही ब्राउझरसाठी नाही, घड्याळासाठी!

एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून कॉम्प्युटरचं घड्याळ जुळवायची पद्धत, आणि एनटीपीडी हा ते काम करणारा प्रोग्रॅम. त्यात बफर ओव्हरफ्लो, म्हणजे ठरलेल्या जागेपेक्षा जास्त डेटा मेमरीत घुसू देणारी चूक, सापडली होती. बाहेरून एक मुद्दाम बिघडवलेलं पॅकेट आलं, की मशीनवर परक्याचा कोड चालू शकत होता. ४.२.८ च्या आधीची व्हर्जनं धोक्यात होती. असं काही आलं की मीटिंग घ्यायची नाही, त्याच दिवशी अपग्रेड.

पण दर वेळी अशी धावपळ करायची गरज नसते. त्याच वर्षी एनटीपीडीची मॉनलिस्ट कमांड गाजत होती. 'तुझ्याकडे अलीकडे कोण कोण आलं?' असं विचारलं की सर्व्हर ६०० पर्यंत पत्त्यांची यादी पाठवायचा. ही विचारपूस यूडीपी या नेटवर्क पद्धतीने होते, आणि तिथे पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. म्हणजे प्रश्न एवढासा, आणि त्याचं भलंमोठं उत्तर जाऊन आदळणार तिसऱ्याच्याच डोक्यावर! इथे कॉन्फिगमध्ये 'नोक्वेरी' (असे प्रश्न नाकारणारी सेटिंग) घातलं की तातडीचं काम भागत होतं. अपग्रेड सवडीने केलं तरी चाललं असतं. म्हणून नोटीस वाचताना माझा पहिला प्रश्न ठरलेला: ज्या फीचरमध्ये भोक आहे, ते आपल्याकडे चालू तरी आहे का?

आता खरी फसवी गोष्ट. जीपीएस रिसीव्हरवरून वेळ घेणारे लोक जीपीएसडी हा प्रोग्रॅम वापरतात. त्याच्या ३.२० ते ३.२२ या व्हर्जनमध्ये आठवडे मोजणारा कोड चुकला होता. २४ ऑक्टोबर २०२१ ला तारीख १०२४ आठवडे मागे, थेट मार्च २००२ मध्ये जाणार होती. आदल्या रात्रीपर्यंत सगळं अगदी चोख! तारीख अशी मागे गेली की सर्टिफिकेटं नाकारली जातात, आणि केर्बेरॉस या ओळख तपासणाऱ्या यंत्रणेचं लॉगिन तर पाच मिनिटांच्या फरकालाही अडतं. दुरुस्त व्हर्जन ३.२३ काही आठवडे आधीच आलं होतं. म्हणून 'चालतंय ना, मग हात लावू नका' हे मला इथे पटत नाही. निदान रिलीज नोट्स वाचा.

आणि हो, नुसता व्हर्जन नंबर बघून घाबरू नका. रेड हॅट, डेबियनसारखी लिनक्स वितरणं नंबर जुनाच ठेवून पॅच आत घालतात. पॅकेजचा चेंजलॉग उघडा, सीव्हीई नंबर (जाहीर झालेल्या प्रत्येक भोकाचा क्रमांक) तिथे सापडतो.

काही अपग्रेड नव्या सोयीसाठी असतात. एनटीपीडीसारखंच काम करणाऱ्या क्रॉनी या प्रोग्रॅमच्या ४.० मध्ये, २०२० साली, एनटीएस आलं. वेळ खऱ्या सर्व्हरकडूनच आली का, हे त्यामुळे तपासता येतं. उघड्या इंटरनेटवरून वेळ घेत असाल तर हे कारण मला पुरेसं वाटतं. बंद नेटवर्कात असाल, तर पुढच्या मेंटेनन्सपर्यंत थांबा.

करताना सगळे सर्व्हर एकदम रीस्टार्ट करू नका. आधी एक घ्या, क्रॉनीची 'क्रॉनीसी ट्रॅकिंग' ही कमांड चालवा, लीप स्टेटस 'नॉर्मल' (म्हणजे घड्याळ जुळलेलं) दिसू दे. डेटाबेसच्या मशीनवर कॉन्फिगमधली 'मेकस्टेप'ची (घड्याळाला एकदम उडी मारू देणारी) ओळ आधी वाचा, कारण घड्याळाने मागे उडी मारलेली डेटाबेसला खपत नाही. शिवाय अपग्रेडमध्ये कॉन्फिग फाइल बदलली गेली का, तेही बघा. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या सर्व्हरशी वेळ जुळवत असाल, तर ती नावं यादीत अजून आहेत ना, हे 'क्रॉनीसी सोर्सेस' लगेच सांगेल.