कोपऱ्यातला वॉटरमार्क का टिकत नाही

(पडद्यावर: एक फोटो, खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव)

वॉटरमार्क म्हणजे फोटोवर उमटवलेलं आपलं नाव. कोपऱ्यातलं नाव क्रॉप टूलने क्षणात कापलं जातं. मोकळ्या आकाशावरचं नाव हीलिंग ब्रशच्या एका फटकाऱ्यात जातं, कारण आजूबाजूला सगळा एकच रंग असतो. म्हणून आधी जागा ठरवायची. वॉटरमार्कचा थोडा तरी भाग बारीक तपशिलावरून जायला हवा: केस, विणलेलं कापड, पानांची दाटी. चेहरा मात्र मोकळा ठेवा. फोटो शेवटी बघण्यासाठीच असतो.

(फोटोशॉपचा पडदा)

नवीन फाइल घ्या. रुंदी २००० पिक्सेल, उंची ६००, बॅकग्राउंड ट्रान्सपरंट. जाड फॉन्टमध्ये नाव टाइप करा, त्या लेयरला बेव्हल अँड एम्बॉस, म्हणजे अक्षरं उठावदार दाखवणारा इफेक्ट, लावा आणि लेयर्स पॅनलमधलं फिल शून्यावर आणा. लक्षात घ्या, फिल, ओपॅसिटी नव्हे. ओपॅसिटी उतरवली की अक्षरं आणि इफेक्ट दोन्ही विरतात. फिल फक्त अक्षरांचा रंग काढतं, उजळ आणि गडद कडा तशाच राहतात. खरी खुबी इथेच आहे. नुसती पांढरी अक्षरं ढगांवर हरवतात, काळी अक्षरं सावलीत. दोन्ही कडा असल्या की खालचा रंग कोणताही असो, एक तरी कड दिसतेच.

फाइल पीएसडी (फोटोशॉपचा स्वतःचा फॉरमॅट) किंवा पीएनजीमध्ये सेव्ह करा. जेपेगमध्ये पारदर्शकता साठवता येत नाही. नावामागे पांढरा चौकोन येतो तो यामुळेच.

आता फोटो. आधी आकार बदला, मग शार्पन करा, वॉटरमार्क सगळ्यात शेवटी. ६००० पिक्सेलच्या फोटोवर नाव टाकून तो २०४८वर आणला, तर अक्षरांच्या बारीक कडा पुसट होतात. फाइल मेनूतल्या प्लेस एम्बेडेडने वॉटरमार्क आणा, रुंदी फोटोच्या साधारण एक तृतीयांश ठेवा. तो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून येतो, म्हणजे आकार पुन्हा बदलावासा वाटला तरी मूळ अक्षरं शाबूत असतात. मग १०० टक्के झूमवर तपासा. जेपेगची क्वालिटी फार खाली नेली, तर अक्षरांभोवती ठिपक्यांची धूळ दिसते.

जिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हेच काम ओपन ॲज लेयर्सने होतं.

(एका फोल्डरमधले उभे-आडवे फोटो)

फोटो बरेच असतील तर ॲक्शन, म्हणजे पुन्हा चालवता येणारी पायऱ्यांची नोंद, रेकॉर्ड करून फाइल, ऑटोमेट, बॅचमधून चालवा. वॉटरमार्क माउसने सरकवू नका. ते अंतर पिक्सेलमध्ये नोंदलं जातं आणि आडव्या फोटोवर बरोबर बसलेलं नाव उभ्या फोटोत चौकटीबाहेर जातं. सिलेक्ट ऑल करून अलाइनची बटणं वापरा. तयार फोटो वेगळ्या फोल्डरमध्येच जाऊ द्या. मूळ फाइलवर सेव्ह झालं की स्वच्छ प्रत गेली.

आणखी एक धोका आहे. गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की एकच वॉटरमार्क असंख्य फोटोंवर जसाच्या तसा असेल, तर संगणक ते फोटो ताडून तो आपोआप काढू शकतो. जागा किंवा ओपॅसिटी बदलून त्या संगणकाचं फारसं बिघडत नाही. अक्षरांना प्रत्येक फोटोत किंचित वेगळा बाक दिला, तर मात्र काढल्यावरही खुणा उरतात. त्यासाठी ॲक्शनमध्ये ट्रान्सफॉर्मची पायरी ठेवा आणि तिच्या शेजारचा डायलॉगचा चौकोन चालू करा. प्रत्येक फोटोवर ॲक्शन तिथे थांबेल. वॉर्पने एखादी कड थोडी ओढा आणि एंटर दाबा.