तर्रीतला चणा पुढे कुठे जातो?

(दृश्य: सकाळचा ठेला. पोह्यांवर तर्रीचा डाव उपडा होतो.)

"भाऊ, तर्री अजून टाक ना!" नागपूरची सकाळ या वाक्याने सुरू होते. प्लेटमध्ये पोहे, वर लालभडक तर्री, तिच्यात काळे चणे.

पोह्यांतला स्टार्च बहुतेक लहान आतड्यातच पचतो. चण्याचं तसं नाही. त्यातले तंतू आणि रॅफिनोजसारख्या शर्करा फोडणारं विकर (एन्झाइम) आपल्याकडे नाहीच. हा माल तसाच मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. गॅस होतो, हे सांगायला डॉक्टर नको. पण त्याच आंबण्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी मेदाम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सुमारे ७० टक्के ऊर्जा एकट्या ब्युटिरेटमधून घेतात. दाह आवरणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींनाही त्याचा आधार मिळतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याच्या आजाराच्या रुग्णांत ब्युटिरेट बनवणारे जिवाणू कमी आढळतात. आधी जिवाणू घटतात की आधी आजार येतो, याचा निकाल अजून लागायचा आहे.

(दृश्य: कळमना बाजार. संत्र्यांचे ढीग, लिलावाचा गलका.)

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण आपण पाहणार आहोत फोडींवरचे ते पांढरे धागे, जे बहुतेक जण सोलून फेकतात. त्यांत हेस्पेरिडिन नावाचं वनस्पतिजन्य संयुग असतं. त्याला चिकटलेली साखरेची जोडगोळी आपल्याला तोडता येत नाही, जिवाणूंना येते. म्हणून त्यातून सुटणारं हेस्पेरेटिन रक्तात पुरतं चढायला पाच-सात तास जातात. बरं, एकाच ढिगातली संत्री खाल्ली तरी दोघांच्या रक्तात ते सारखं उतरत नाही. ज्याचे जिवाणू जसे, तसं त्याच्या पदरात पडतं.

(दृश्य: सावजी भोजनालय. मटणाचा रस्सा रटरटतोय.)

मटणात कार्निटिन असतं. जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि यकृत त्यापासून टीएमएओ (ट्रायमिथाइलअमाइन एन-ऑक्साइड) बनवतं. रक्तात टीएमएओ जास्त असलेल्यांत हृदयविकार आणि पक्षाघात जास्त दिसतात. २०१३ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी दाखवलं, की शाकाहारी माणसाला कार्निटिन दिलं तरी टीएमएओ फारसा तयार होत नाही. मांसाहारींचे जिवाणू प्रतिजैविकांनी दाबले, तर त्यांच्यातही तो जवळपास थांबतो. आता लगेच सावजीवर खापर फोडू नका. समुद्री मासळीत टीएमएओ आयताच असतो, आणि मासे खाऊ नका असं हृदयरोगतज्ज्ञ सहसा सांगत नाहीत.

(दृश्य: डायलिसिस कक्ष.)

प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून जिवाणू इंडोल बनवतात, यकृत त्याचं इंडॉक्सिल सल्फेट करतं. धडधाकट मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. मूत्रपिंड थकलं की ते साठतं, आणि रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट धरून बसत असल्याने डायलिसिसलाही नीट दाद देत नाही. आतड्यातच इंडोल शोषून घेणारे कोळशाचे कण जपानमध्ये १९९१ पासून औषध म्हणून दिले जातात. पुढच्या मोठ्या चाचण्यांत मात्र त्यांनी मूत्रपिंडाच्या आजाराची वाटचाल ठळकपणे मंदावली नाही. म्हणून आता जिवाणूला न मारता त्याचं नेमकं विकर अडवणारी औषधं शोधली जात आहेत. ट्रायमिथाइलअमाइन रोखणाऱ्या अशा रेणूंनी उंदरांमध्ये काम केलं आहे.