हेडसर रिटायर व्हायच्या आधी

पुढं या, जागा आहे. बायांनी मागं कामून बसायचं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २१ आहे, त्यात सरळ लिहिलंय की शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन जण पालक पाहिजेत आणि निम्म्या बाया पाहिजेत. तवा ही मिटिंग आपली आहे.

हेडसर ३१ मेला रिटायर व्हायलेत. गावात तयारी सुरू आहे, शाल, फेटा, बॅनर, जेवण. ते सगळं करूच, त्या माणसानं आपल्या लेकरांसाठी लई केलंय. पण मला तारखेचं सांगायचंय. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की १ जून लावून टाकायचे, म्हणून आज कितीतरी मास्तर लोक अठ्ठावन्न पूर्ण होऊन ३१ मेलाच घरी जायलेत. म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत, आणि शाळा उघडणार जूनच्या मध्याला. नवीन हेडमास्तर लगेच मिळतीलच असं नाही, मग जे सर सिनियर त्यांच्याकडं प्रभारी चार्ज, आणि चार्ज घेताना ते काय बघणार, तर कॅशबुक, जनरल रजिस्टर, पोषण आहाराचा साठा, कपाटाच्या किल्ल्या. रजिस्टरात आहे तेवढंच त्यांच्या हातात येतं.

रजिस्टरात नाही ते कुठंय? सरांच्या डोक्यात. कोणतं लेकरू दिवाळीनंतर आजीजवळ राहतं, कुणाची आजी आता थकली, कुणाचा बाप मुकादमाकडून उचल, म्हणजे ऊसतोडीचे आगाऊ पैसे, घेऊन बसलाय म्हणजे यंदा कोयता नक्की जाणार, नवरा-बायको ऊस तोडायला गाव सोडणार, हे त्यांना तोंडपाठ आहे.

मी स्वतः सहा वर्षं कोयत्यावर गेलेय. मागच्या वेळी हेडसर बदलले तवा माझी पोरगी चौथीत होती. आधीचे सर दसऱ्याच्या आधीच घरोघर फिरून नावं घ्यायचे आणि हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेल्यावर लेकरांना गावातच ठेवायच्या सोयीचा, प्रस्ताव पाठवायचे. त्या वर्षी प्रभारी सर नवे, माणूस चांगला, पण त्यांना कुणी सांगितलंच नाही की असं फिरावं लागतं. समितीत मी पण होते, मी पण नाही सांगितलं, मला वाटलं सरकारी काम आहे, होत असंल. प्रस्ताव उशिरा गेला आणि पोरगी आमच्यासंगं कर्नाटकात उसाच्या फडावर आली. शिक्षण हमी पत्र म्हणून एक कागद मिळतो, तो घेऊन जिथं जाल तिथल्या शाळेत लेकराला बसवता येतं, तो पण आम्ही नेला नव्हता. चार महिने ती वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधत होती, आणि मार्चमध्ये परत आली तर भागाकार विसरलेला. ते मला आजपण सहन होत नाही.

म्हणून म्हणते, एप्रिलच्या मिटिंगमध्ये ठराव घ्या, की सर जायच्या आधी हे सगळं लिहून आणि विचारून घ्यायचं. बँकेच्या खात्यावर अध्यक्ष आणि हेडमास्तर दोघांच्या सह्या चालतात, सर गेले की एक सही गेली, नवीन सहीचे कागद बँकेत जाईपर्यंत साधा नळ दुरुस्त करायचा तरी पैसे निघत नाहीत. शाळेची माहिती ज्या सरकारी पोर्टलवर भरतात त्याचा ओटीपी सरांच्याच मोबाईलवर येतो, तो नंबर कधी आणि कसा बदलायचा ते सर आहेत तोवर विचारून घ्या. शाळा विकास आराखडा समितीनं करायचा असतो, कलम २२ मध्ये आहे, तर त्यात काय मंजूर झालं आणि काय राहिलं ते सरांकडूनच लिहून घ्या.

आणि प्रभारी सरांना मे महिन्यातच भेटा. तक्रार घेऊन नाही, यादी घेऊन.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी दोनशे पानी वही घेऊन सरांजवळ बसणार आहे. ज्यांचा कोयता यंदा जाणार आहे त्यांनी या, लेकराचं नाव, वर्ग, मागं कुणाजवळ राहणार आणि त्यांचा मोबाईल नंबर, एवढं सांगा. ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी सुनेला पाठवा, नाहीतर मीच घरी येते.