कोळिणीची पिशवी

फुलावर बसलेली ही गांधीलमाशी जरा नीट पाहा. तपकिरी अंग, पोटावर पिवळे पट्टे, कडेला काळपटलेले पंख. आता पुढचे पाय बघा. छातीशी दुमडलेले, आतून काटेरी, थेट प्रार्थनाकीटकाचे. गांधीलमाशीला असे पाय नसतात. शिवाय या किड्याला नांगीच नाही.

हा मॅन्टिडफ्लाय. शास्त्रीय नाव क्लायमासिएला ब्रुनिया. कॅनडापासून मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकापर्यंत तो सापडतो. अमेरिकी कीटकतज्ज्ञ थॉमस से यांनी १८२४ साली त्याचं वर्णन केलं. प्रार्थनाकीटकाशी त्याचं जवळचं नातं नाही. तो जाळीदार पंखांच्या कीटकांच्या कुळातला. रंगही एकच नाही. एकाच जातीतले काही किडे एका गांधीलमाशीचं सोंग घेतात, तर काही दुसरीचं.

पण मला विचाराल, तर सोंग हा यातला सोपा भाग. अवघड काम आहे त्याच्या अळीचं.

मादी शेकडो अंडी घालते, प्रत्येक अंडं बारीकशा देठावर. त्यातून निघालेली अळी टाचणीच्या डोक्याहूनही बारीक असते. ती शेपटाच्या टोकावर ताठ उभी राहते आणि वाट बघते. लांडगा कोळी नावाचा कोळी जवळून गेला, की ती त्याला धरते, अंगावर चढते आणि कंबरेच्या चिंचोळ्या जागी ठाण मांडते. तिथे कोळ्याचं रक्त पीत दिवस काढते. किती अळ्यांच्या वाट्याला कोळी येतच नसेल!

आणि ज्या अळीला कोळीण मिळते, तिची खरी घडी पुढेच असते. कोळीण अंडी घालून त्यांच्याभोवती रेशीम विणायला घेते. पिशवी बंद व्हायच्या आत अळी उतरून आत शिरते. कोळीण शेवटचे धागे ओढते. चोर आत, आणि दार लावलं मालकिणीनेच.

पुढे ती पिशवी पोटाच्या टोकाला चिकटवून कोळीण सगळीकडे वागवते, जिवापाड जपते. आत अळी एकेका अंड्याला जबड्याच्या नळ्या टोचून ते शोषत असते. चपळ अळीचा आता लठ्ठ, पांढुरका गोळा झालेला असतो. अंडी संपली की तिथेच ती स्वतःचा कोश विणते.

काही दिवसांनी कोश आणि पिशवी दोन्ही कुरतडून पाय असलेला कोषस्थ जीव बाहेर येतो. चालत चालत काडीवर चढतो. पाठीची कात उकलते. चुरगळलेले पंख हळूहळू ताठ होतात, आणि पुढचे दोन पाय छातीशी दुमडले जातात.