यादी आली

श्रोतेहो, नमस्कार.

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. वय अडुसष्ट. नोकरीची सगळी वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात ड्राफ्ट्समन म्हणून गेली. आणि मी खेळण्यातले सैनिक जमवतो. हे शेवटचं वाक्य चारचौघांत बोलायला मला चाळीस वर्षं लागली. आज एकदम रेडिओवरच बोलून टाकलं, म्हणजे आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

आम्ही पाचजण आहोत. कोपरीचे सर, शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. वाशीचे डॉक्टर, दातांचे. कळव्याच्या बाई, ज्यांच्याइतका बारीक ब्रश आमच्यात कुणाचा चालत नाही. घणसोलीचा एक पोरगा, आयटीतला. आणि मी. रविवारी सकाळी मासुंदा तळ्याकाठी चहा, बाकीचे दिवस फोनवर. पण महिन्यातून एकदा असा दिवस येतो की जेवणाच्या ताटावरून उठून फोन घ्यावा लागतो. मग आमची मंडळी आमटी वाढता वाढता म्हणतात, "आली वाटतं यादी."

यादी म्हणजे परदेशी कंपन्यांची नव्या सैनिकांची घोषणा. हाँगकाँगची किंग अँड कंट्री आहे, लंडनमध्ये जन्मलेली डब्ल्यू. ब्रिटन आहे, आणखी कितीतरी आहेत. आधी फोटो येतात, मग किंमत, मग कधी मिळणार ते. आणि जुने कुठले 'रिटायर' होणार तेही, म्हणजे त्यांचं उत्पादन बंद. ही बातमी आमच्याकडे श्राद्धाच्या तिथीसारखी नोंदवून ठेवतात.

आता यादी आल्यावर काय होतं ते ऐका. पहिली दोन मिनिटं कुणी बोलत नाही, सगळे फोटो मोठे करून बघत असतात. मग कोपरीचे सर म्हणतात, "परत जर्मन!" घणसोलीचा म्हणतो, "सर, खपतात म्हणून काढतात." सर म्हणतात, "वॉटर्लू झालं, नॉर्मंडी झालं, परत वॉटर्लू. यांच्या जगात तिसरं युद्धच नाही का झालं?" कळव्याच्या बाई तोवर घोड्याकडे वळलेल्या असतात. "डोळे बघा त्याचे. मेलेल्या बांगड्यासारखे आहेत." डॉक्टर काहीच बोलत नाहीत. डॉक्टर गप्प झाले की समजायचं, त्यांनी ऑर्डर टाकली.

मागच्या एका यादीत ब्रिटिश काळातला हिंदी घोडेस्वार आला होता. कंपनीचं नाव सांगत नाही. हातात भाला, कमरेला पट्टा, रंगकाम देखणं. चेहरा, दाढी शिखाची. आणि फेट्याच्या मधोमध वर आलेला टोकदार कुल्ला, म्हणजे फेट्याच्या आतली टोपी! तो कुल्ला पंजाबी मुसलमान आणि पठाण शिपायांच्या फेट्यात असायचा. शिखांच्या पगडीत नाही. या एका टोकावर आम्ही चाळीस मिनिटं बोललो. बाहेरचा माणूस म्हणेल, दोन इंचांच्या बाहुल्याच्या डोक्यावरचा जोंधळ्याएवढा उंचवटा, त्याचं एवढं काय? बरं, लोकमान्यांच्या पुतळ्याच्या डोक्यावर उद्या कुणी तुकाराम पगडी ठेवली तर तुम्ही काय कराल? तेच आम्ही केलं.

माझं म्हणणं असं की या कुरकुरीत खोटेपणा नाही. जो सैनिक आपल्याला ठाऊक नाही त्याच्यातली चूक आपल्याला दिसतच नाही. नेपोलियनच्या गार्डाची बटणं मला आजही मोजता येत नाहीत, त्यामुळे तो मला नेहमीच सुंदर दिसतो.

थोडं मागे जातो, कारण हे सगळं कुठून आलं ते कळल्याशिवाय गंमत कळणार नाही. १८९३ साली लंडनच्या ब्रिटन घराण्यातल्या धाकट्या विल्यमनं पोकळ ओतकामाची युक्ती काढली. त्याआधी जर्मनीतून येणारे शिशाचे सैनिक भरीव असत. ब्रिटननं काय केलं, साच्यात वितळलेला धातू ओतायचा, साच्याला लागलेला थर क्षणात थिजतो, की लगेच साचा उपडा करून आतला पातळ धातू परत ओतून काढायचा. राहतं ते नुसतं कवच. पीओपीचे गणपती आतून पोकळ असतात ना, तसंच. धातू कमी, वजन कमी, किंमत कमी. जर्मन माल मागे पडला. उंची ५४ मिलिमीटर, आणि लाल पुठ्ठ्याच्या डबीत दोऱ्यानं बांधलेले आठ शिपाई किंवा पाच घोडेस्वार. १९६६ साली शिशाचे सैनिक बंद झाले, पण ती उंची अजून आमच्या डोळ्यांत बसलेली आहे.

माझ्याकडे त्या काळातला एकच स्वार आहे, पिवळ्या अंगरख्यातला, स्किनर्स हॉर्स या घोडदळाच्या पलटणीचा. चोरबाजारात मिळाला तेव्हा मुंडकं वेगळं होतं, चुरगळलेल्या कागदात. आमच्यात याचा जुना इलाज आहे: मानेच्या भोकात आगकाडीचा तुकडा घालायचा आणि वर डोकं बसवायचं. गेली सव्वीस वर्षं तो काडीच्या मानेनं उभा आहे. भाल्याचं टोक वाकलेलं आहे, ते मी सरळ करत नाही. शिसं एकदाच वाकतं, दुसऱ्यांदा तुटतं.

आणि या पिवळ्या स्वाराची गोष्ट मराठी माणसानं ऐकायलाच हवी. पलटण उभी करणारा जेम्स स्किनर आधी शिंद्यांच्या फौजेत होता, युरोपियन सेनापतींच्या हाताखाली तयार झालेला. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं, तेव्हा शिंद्यांकडची त्याची नोकरी सुटली आणि तो ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. म्हणजे लंडनच्या दुकानात पोरांनी हट्ट करून घेतलेले ते पिवळे स्वार, त्यांच्या धन्याची उमेदवारी आपल्या दौलतराव शिंद्यांच्या छावणीत झाली. हे सांगितलं की कोपरीच्या सरांची छाती फुगते. डॉक्टर म्हणतात, "सर, तो पळून गेला होता." सर म्हणतात, "पळाला नाही, काढला." हा वाद दर दोन महिन्यांनी नव्यानं होतो.

किमतीबद्दल फार बोलत नाही, घरची मंडळी ऐकतायत. एवढंच सांगतो की खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. त्यामुळे यादी येते तेव्हा आम्ही आधी फोटो बघतो, मग मनातल्या मनात गुणाकार करतो, मग चूक शोधतो. चूक सापडली की मोठा दिलासा मिळतो. "घेतलाच नसता, कुल्ला चुकलाय." दोन वर्षांपूर्वी मी एक तोफ आणि चार गोलंदाज मागवले होते. पार्सल आलं ते एकदा उघडून परत बांधलेलं, आतला स्पंज गायब. एका गोलंदाजाचा हात मनगटातून तुटलेला, आणि तो हात काही सापडला नाही. त्याच्या दुसऱ्या हातात पलिता आहे, म्हणून तोफ अजून उडू शकते असं मी समाधान करून घेतलंय.

जाता जाता, ज्यांच्याकडे जुने शिशाचे सैनिक असतील त्यांच्यासाठी: नव्या प्लायवूडच्या किंवा एमडीएफच्या बंद कपाटात ठेवू नका. लाकडातून आम्लाची वाफ सुटते, आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात शिशावर पांढरी पूड धरते आणि सैनिक आतून खचतो. काच आणि धातूचं कपाट बरं. हाताळल्यावर हात धुवायचे, आणि लहान मुलांच्या तोंडापासून लांब.

आता आपल्या घरच्या यादीबद्दल. दसरा झाला की जांभळी नाक्याला मावळे येतात. ठाण्यातल्या कुठल्याही मुलाला विचारा, हीच त्याची घोषणा. मागच्या वर्षी मी टोपल्यांपुढे उकिडवा बसलो होतो, शेजारी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा. विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ह्यो नवीन आलाय औंदा," आणि तोफेला बत्ती देणारा मावळा पुढे केला. मुलानं तो उलटा-सुलटा केला आणि म्हणाला, "ह्याची तलवार डाव्या बाजूला पाहिजे ना? काढणार कशी?" मी मान वळवून हसलो. पोरगं आमच्यातलंच होतं. मग त्यानं भाव केला, आणि घेतला!

त्या टोपलीकडे बघताना मला एक गोष्ट सुचली, ती तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मावळ्याला गणवेश नव्हता. घरचंच मुंडासं, घरचीच बंडी, मिळेल ते हत्यार. शंभर मावळे म्हणजे शंभर तऱ्हा. आणि खेळण्यातला सैनिक जन्माला आला तोच मुळी गणवेशाच्या पोटी. एक साचा, आठ शिपाई, आठही सारखे. गणवेशातली पलटण म्हणजे साच्यातून निघालेलीच माणसं. युरोपची सैन्यं साच्याला सोयीची होती. आपली नव्हती. मग आपल्या कुंभारांनी काय केलं, मावळ्यालाच गणवेश घालून टाकला: तांबडं पागोटं, पिवळा अंगरखा, काळ्या मिशा. आज कुठल्याही सोसायटीच्या किल्ल्यावर तेच. मला त्यात वावगं वाटत नाही. पण परदेशी यादीत आपली माणसं का दिसत नाहीत, याचं निम्मं उत्तर मला त्या टोपलीत मिळालं. उरलेलं निम्मं म्हणजे गिऱ्हाईक.

आम्हा पाचजणांची म्हणून एक वेगळी यादी आहे, न आलेल्यांची. कोपरीच्या सरांना १७३७ हवंय, मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला ते. तो किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. सर रोज त्याच्या भिंतीच्या कडेनं फिरायला जातात आणि रोज मनात शिड्या लावतात. डॉक्टरांना असईच्या लढाईतले शिंद्यांचे गोलंदाज हवेत, २३ सप्टेंबर १८०३ चे, जे तोफांशेजारी मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पलटण पुढे गेल्यावर उठून तिच्या पाठीवर तोफा वळवल्या. पडलेला गोलंदाज आणि उठणारा गोलंदाज, असा जोड. डॉक्टर बोलतात कमी, पण मागतात अचूक.

माझ्या यादीत एकच माणूस आहे. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या पळसगाव-आंबेतचे. गोव्याच्या रस्त्यानं जाताना माणगावला त्यांचा पुतळा आहे. मी दरवेळी गाडी थांबवायला लावतो आणि दरवेळी घरच्यांची बोलणी खातो. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. मराठा लाइट इन्फंट्रीची तुकडी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. घाडगे सोडून तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटेच धावले. ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, पुढच्याला टॉमीगननं मारलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं ठेचलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. वय २२.

बंदूक उलटी धरलेला सैनिक. माझ्या कपाटात नेम धरलेले आहेत, संगीन रोखलेले आहेत, सलाम ठोकणारे तर ढीगभर. उलटी बंदूक धरलेला एकही नाही. वाट बघून बघून शेवटी मीच करायला घेतला. एका मोडक्या ब्रिटिश शिपायाचं धड घेतलं, हात खांद्यातून कापले, तारेचे नवे हात बसवले आणि त्यांवर एम-सील. हो, तेच, गळक्या नळाला लावतो ते. परदेशात यासाठी खास हिरवी पुट्टी मिळते, पण माझं आयुष्य एम-सीलमध्ये गेलं. मळून झाल्यावर हातात दहा-पंधरा मिनिटं असतात. तेवढ्यात टाचणीनं बोटं कोरायची. पाण्यात बुडवलेली टाचणी, नाहीतर चिकटते. दोन मुठी, आठ बोटं, दोन अंगठे. चार महिने लागले, कारण डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि आमच्या हॉलमध्ये उजेड सकाळी नऊ ते अकराच असतो.

गेल्या आठवड्यात झाला. रंग नाही दिला, नुसता राखाडी. फोटो काढला आणि आमच्या पाचजणांत पाठवला. खाली लिहिलं, "नवी घोषणा."

दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मला कळलं, मोठा करून बघतायत. डॉक्टर गप्प. कळव्याच्या बाई म्हणाल्या, "पाठ चांगली वाकलीये." घणसोलीचा म्हणाला, "काका, स्कॅन करून प्रिंट काढू का? पाच काढू." मग कोपरीच्या सरांचा थेट फोनच आला.

"अंगठा चुकलाय," सर म्हणाले.

"कुठला?"

"दोन्ही. अहो, मी तीस वर्षं पोरांना बॅट धरायला शिकवली. माणूस जोरात हाणणार असेल तर अंगठा नळीभोवती वळतो, बोटांवर येतो. तुमचा नळीवर सरळ ठेवलाय. हा मारत नाहीये, कपबशी धरून उभा आहे."

मी स्वयंपाकघरातून लाटणं आणलं, डोक्यावर उगारलं आणि आरशात बघितलं. आमची मंडळी दारात उभ्या राहून बघत होत्या, त्यांनी काही विचारलं नाही. सर बरोबर होते.

दोन्ही अंगठे कापून टाकलेत. नवे काल बसवले, आज सकाळी घासायचे होते, तेवढ्यात रेडिओवाल्यांची गाडी आली. आता घरी जाऊन बघतो वाळले का ते. नमस्कार.